सहा मैलांची फेरी

गेल्या वर्षी उन्हाळ्याचे चार महिने लेकीकडे न्यूयॉर्कला होते. ती रोज पहाटे साडेपाचला उठून सेंट्रल पार्कमध्ये पळायला जाते. प्रवासाने झोपेचे वेळापत्रक बिघडलेलेच होते, म्हणून पहिल्या आठवड्यात मीही तिच्याबरोबर निघाले. ती पळणार, मी चालणार. पार्कच्या फाटकाशी बूट घट्ट बांधता बांधता ती म्हणाली, "आई, इथे वाट चुकायची भीती नाही. रस्ता गोल आहे. चालत राहिलीस की परत इथेच येशील." आणि गेली. वळणाआड तिची केशरी टोपी दिसेनाशी झाली तेव्हा मी एकटी उभी होते आणि माझ्या दोन्ही बाजूंनी माणसे पळत होती. तरुण, म्हातारी, पोटऱ्यांवर पट्ट्या बांधलेली, बाबागाडी ढकलणारी. निम्म्याहून अधिक बायका.

माझ्या लहानपणी आमच्या गावात बाई रस्त्यावरून पळताना दिसली, तर लोक विचारत, 'काय झालं? कुणाला काय झालं?' पळणे म्हणजे काहीतरी अघटित घडल्याची खूण. तालुक्याच्या कॉलेजात मी एकतीस वर्षे इतिहास शिकवला. तरी बायकांना कारणाशिवाय पळता येईल असा रस्ता कसा तयार होतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो त्या सकाळी पडला. पुढचे चार महिने सकाळी ती फेरी चालायची आणि दुपारी सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन तिच्याविषयी वाचायचे, हा माझा दिनक्रम झाला. हाती जे आले ते इथे मांडते आहे.

रस्ता आणि त्याचे धनी

आधी वाटेची ओळख करून देते. मॅनहॅटन बेटाच्या मध्यावर अडीच मैल लांब आणि अर्धा मैल रुंद असा हा ८४३ एकरांचा पट्टा आहे. दक्षिणेला ५९वा रस्ता, उत्तरेला ११०वा. त्याच्या आतून कडेकडेने फिरणारा मुख्य रस्ता साधारण ६.१ मैलांचा, म्हणजे दहा किलोमीटरला थोडा कमी. पळणारे बहुतेक घड्याळाच्या उलट दिशेने जातात. पूर्वेकडच्या ९०व्या रस्त्याच्या फाटकातून शिरले की डाव्या हाताला जलाशय लागतो. तिथून उत्तरेला जात उतार संपला की ११०व्या रस्त्याशी तळे, मग हार्लेम हिल नावाची दमछाक करणारी चढण. ती चढून गेले की पश्चिमेच्या बाजूने तीन लहान चढ-उतार, ८५व्या रस्त्याची दाट झाडी, ७२व्या रस्त्याचा चौक, दक्षिणेचे टोक आणि पुन्हा पूर्वेने वर. या शेवटच्या टप्प्यातल्या चढाला 'कॅट हिल' म्हणतात, कारण रस्त्याकडेच्या खडकावर झेप घेण्याच्या बेतात असलेला ब्राँझचा एक पँथर बसवला आहे. एडवर्ड केमीस या शिल्पकाराचे १८८३चे काम. पहाटेच्या अंधुक उजेडात तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी खरोखर दचकले होते.

पाहणाऱ्याला वाटते की निसर्ग होता तसा राखून मधून रस्ता काढला असावा. तसे नाही. ही जागा खडकाळ आणि पाणथळ होती. १८५७-५८मध्ये आराखड्यांची स्पर्धा झाली, ३३ आराखडे आले, आणि फ्रेडरिक लॉ ओम्स्टेड व कॅल्व्हर्ट व्हॉ यांचा 'ग्रीन्सवर्ड' नावाचा आराखडा निवडला गेला. खडक सुरुंगाने फोडले, दलदल उपसली, तळी खणली, माती बाहेरून आणली. आज जिथे रान वाटते तिथली बहुतेक झाडे माणसांनी लावलेली आहेत.

या आराखड्यातली सर्वांत हुशारीची गोष्ट चालताना दिसत नाही, कारण ती पायाखाली आहे. शहराची पूर्व-पश्चिम वाहतूक पार्कमधून जाणार हे उघड होते. ओम्स्टेड आणि व्हॉ यांनी त्यासाठीचे चार रस्ते जमिनीच्या पातळीखाली खोल घळीसारखे खोदले. वरून माणसे चालतात, खालून गाड्या जातात आणि दोघांची गाठ पडत नाही. पार्कच्या आतही पायवाटा, घोडेस्वारांची वाट आणि बग्ग्यांचा रस्ता कमानींनी आणि पुलांनी एकमेकांपासून वेगळे ठेवले. आज पळणारा माणूस सहा मैलांत एकदाही सिग्नलला थांबत नाही, त्यामागे ही १८५८ सालची योजना आहे.

पण पळणारा माणूस त्या योजनेत कुठेच नव्हता. मुख्य रस्ता बांधला बग्ग्यांसाठी. आज धावपटूंना आवडणारी त्याची वळणे मुद्दाम ठेवली, ती बग्ग्यांनी शर्यती लावू नयेत म्हणून. सरळ रस्ता दिसला की घोड्याला चाबूक बसतो, हे आराखडा करणाऱ्यांना ठाऊक होते. वेग रोखण्यासाठी आखलेला रस्ता शे-दीडशे वर्षांनी वेगाच्या हौशी लोकांचा झाला.

पहिल्या दशकात पार्कात येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक बग्गीतून येत, आणि बग्गी बाळगण्याची ऐपत शहरातल्या पाच टक्के लोकांचीही नव्हती. हा तपशील रॉय रोझेनझ्वाइग आणि एलिझाबेथ ब्लॅकमार यांनी १९९२मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द पार्क अँड द पीपल' या ग्रंथामुळे सर्वदूर पोचला. उद्यान सर्वांसाठी असल्याचे जाहीर केले होते. पण गरिबांची वस्ती दूर दक्षिणेला, गाडीभाडे परवडत नाही, आठवड्याला सुट्टी एकच. म्हणून दुपारच्या वेळी या रस्त्यावर श्रीमंतांची मिरवणूक चाले.

१८९९मध्ये मोटारींना पार्कमध्ये परवानगी मिळाली. पुढे खडीच्या रस्त्यावर डांबर आले. घोडे गेले, मोटारी राहिल्या. १९६६मध्ये थॉमस होव्हिंग हे उद्यानप्रमुख असताना सुट्टीच्या दिवशी रस्ता मोटारींना बंद करण्याची सुरुवात झाली. तेव्हा डोळ्यांसमोर सायकलवाले होते. मग बंदीचे तास वाढत गेले आणि जून २०१८मध्ये संपूर्ण फेरी मोटारींना कायमची बंद झाली. या अडीच ओळींमागे पन्नास वर्षांची खटपट आहे. रस्ता कुणाचा, या प्रश्नाचे उत्तर एकदा ठरले की कायमचे ठरत नाही, एवढे यावरून कळते.

८५व्या रस्त्याची झाडी

तिसऱ्या आठवड्यात, पश्चिमेच्या बाजूने उतरताना, ८५व्या रस्त्याच्या जवळ एक माहितीफलक दिसला. मी थांबून वाचू लागले. मागून येणारे लोक माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत गेले. फलकावर लिहिले होते की इथे 'सेनेका व्हिलेज' नावाचे गाव होते.

१८२५ साली अँड्र्यू विल्यम्स नावाच्या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने इथे तीन भूखंड १२५ डॉलरना विकत घेतले. धंदा बूट-पॉलिशचा. त्याच सुमारास एपिफनी डेव्हिस या दुसऱ्या कृष्णवर्णीय गृहस्थाने बारा भूखंड घेतले आणि एएमई झायन या कृष्णवर्णीयांच्या चर्चने सहा. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी पूर्णपणे संपली ती ४ जुलै १८२७ला. म्हणजे या गावातल्या जमिनीचे पहिले व्यवहार त्याच्या दोन वर्षे आधीचे आहेत.

जमिनीला इथे आणखी एक अर्थ होता. १८२१च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीय पुरुषाला मताचा अधिकार दिला, पण त्याच्या नावावर किमान २५० डॉलरची मालमत्ता असली तर. गोऱ्या पुरुषांसाठीची मालमत्तेची अट याच सुमारास जवळजवळ निकालात निघाली. त्यामुळे शहरापासून दूर, खडकाळ, कोणाला नको असलेल्या जागेतला तुकडा विकत घेणे म्हणजे नागरिक होण्याची वाट धरणे होते. १८५५च्या जनगणनेच्या सुमारास इथे सव्वादोनशेच्या आसपास माणसे राहत. दोनतृतीयांश कृष्णवर्णीय, उरलेली बहुतेक आयरिश. तीन चर्चे होती, मुलांची शाळा होती, दफनभूमी होत्या. कृष्णवर्णीय रहिवाशांपैकी सुमारे निम्म्यांच्या मालकीची घरे होती. 'ऑल एंजल्स' चर्चमध्ये काळे आणि आयरिश एकाच छताखाली प्रार्थनेला बसत. त्या काळाच्या न्यूयॉर्कमध्ये असे दृश्य विरळा.

२१ जुलै १८५३ला राज्याच्या विधिमंडळाने पार्कसाठी जमीन घेण्याचा कायदा केला. त्यानंतर चौदाच दिवसांनी, ४ ऑगस्टला, झायन चर्चच्या मंडळींनी गावात नव्या इमारतीची कोनशिला बसवली. तिच्याखाली एक पेटी ठेवली. तिच्यात बायबल, स्तोत्रांचे पुस्तक, वर्तमानपत्रांच्या प्रती. कायद्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नसेल असे मला वाटत नाही. माझ्या आजोळचे गाव धरणात गेले. घरांच्या भिंतींवर सरकारी माणसांनी चुन्याने आकडे घातले होते, आणि त्याच वर्षी गावाने वर्गणी काढून देवळाच्या शिखराला रंग दिला होता. आई सांगायची की कुणीतरी विचारले, 'बुडणाऱ्या देवळाला रंग कशाला?' आजोबांनी उत्तर दिले नाही, ते डबा धरून उभे राहिले. कोनशिलेची ती तारीख वाचली तेव्हा ग्रंथालयातल्या त्या मोठ्या टेबलाशी मला आजोबा आठवले.

वर्तमानपत्रांनी या गावाचे वर्णन झोपड्यांची वस्ती, आगंतुकांचा अड्डा असे केले. खरेदीखते, कराच्या नोंदी आणि जनगणना वेगळेच सांगतात. पण ज्यांना उठवायचे ते मुळात तिथले नव्हतेच, असे एकदा म्हटले की काम सोपे होते. मोबदला मिळाला, तो जमीनमालकांना. अँड्र्यू विल्यम्सने घर आणि तीन भूखंडांचे ३,५०० डॉलर मागितले, त्याला २,३३५ मिळाले. भाडेकरूंना जमिनीचे काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. १८५७च्या शरद ऋतूपर्यंत गाव रिकामे झाले. संपूर्ण पार्कच्या जागेतून सुमारे सोळाशे लोक उठवले गेले, त्यांतले हे सव्वादोनशे. ते एकत्र दुसरीकडे वसले नाहीत; विखुरले. मताच्या अधिकारासाठी लागणारी जमीनही त्याबरोबर गेली.

ओम्स्टेडची पार्कवर नेमणूक झाली सप्टेंबर १८५७मध्ये, गाव उठत असतानाच. गाव उठवण्याचा निर्णय त्याचा नव्हता. उलट त्याआधीची काही वर्षे दक्षिणेकडच्या राज्यांत फिरून त्याने गुलामगिरीच्या अर्थव्यवस्थेवर टीकेची पुस्तके लिहिली होती. दक्षिणेतली गुलामी ज्याला स्पष्ट दिसली, त्याचे सर्वांत मोठे काम स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या मोडलेल्या गावावर उभे राहिले. यात त्याला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. पण चांगल्या माणसाच्या चांगल्या कामाखालीही काय पुरलेले असते, ते पाहिले पाहिजे.

इथे मला महात्मा फुले आठवणे अपरिहार्य होते. १८७३मध्ये 'गुलामगिरी' लिहिताना त्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांना अर्पण केले. वर्गात मी ती अर्पणपत्रिका दरवर्षी समजावून सांगितली आहे. पुण्यात बसून त्यांनी एका दूरच्या देशातल्या न्यायाला सलाम केला, तेव्हा न्यूयॉर्कचा हा बाग नुकताच पूर्णत्वाला आला होता आणि सेनेका व्हिलेज उठून सोळा वर्षे झाली होती. यामुळे फुल्यांची कृतज्ञता चुकीची ठरत नाही. गुलामी कायद्याने संपणे ही मोठी गोष्ट होती. पण ती संपल्यानंतर जमीन कुणाकडे राहते, हा प्रश्न उरतोच, आणि तो फुल्यांनीच आपल्याला विचारायला शिकवला आहे.

गाव विसरले जायला फार वेळ लागला नाही. १८७१मध्ये याच भागात झाडे उपटताना मजुरांना शवपेट्या सापडल्या, तर वर्तमानपत्रांनी आश्चर्य व्यक्त केले. चौदाच वर्षांत शहराला आठवण राहिली नव्हती. पुन्हा आठवण करून दिली ती इतिहासकारांनी आणि पुरातत्त्वज्ञांनी. २००१मध्ये पहिला फलक लागला. २०११मध्ये न्यूयॉर्कमधल्या विद्यापीठांच्या अभ्यासकांनी इथे खोदकाम केले. 'ऑल एंजल्स' चर्चचा सेवक विल्यम विल्सन याच्या घराचा दगडी पाया लागला. चहाची किटली, भाजण्याचे लोखंडी भांडे आणि लहान मुलाचा एक बूट मिळाला. आमच्या गावाचे देऊळ दुष्काळाच्या वर्षी पाणी आटले की वर येते, आणि लोक नारळ घेऊन होडीने जातात. सेनेका व्हिलेजच्या माणसांना तेवढेही नाही. त्यांच्या घरांवरून पळणाऱ्यांना आपण कुणाच्या अंगणातून जातो आहोत, हे कळायला फलक वाचावा लागतो, आणि पळताना फलक वाचता येत नाही.

पळणाऱ्यांचा प्रवेश

मग हा रस्ता धावपटूंचा झाला कसा? त्याची गोष्ट पार्कच्या उत्तरेला, हार्लेममध्ये सुरू होते. १९३६मध्ये तिथे तीन कृष्णवर्णीय गृहस्थांनी 'न्यूयॉर्क पायोनियर क्लब' काढला. शहरातले नावाजलेले क्रीडासंघ कृष्णवर्णीयांना घेत नव्हते. या संघाने पुढे सर्व वर्णांच्या धावपटूंना दार उघडले. टेड कॉर्बिट हा याच संघाचा. त्याचे आजोबा गुलामीत जन्मलेले. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तो मॅरेथॉन पळाला, आणि १९५८मध्ये न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरच्या धावपटूंची संघटना निघाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष झाला. शर्यतीचे अंतर सायकलच्या चाकाने अचूक मोजण्याच्या पद्धतीचा त्याने जो अभ्यास केला, तो अमेरिकेत पायाभूत ठरला. आज जगभर मॅरेथॉनचा मार्ग 'प्रमाणित' आहे असे म्हणतात, त्यामागे या माणसाची चिकाटी आहे. सेनेका व्हिलेजच्या जागेवरून जाणाऱ्या वाटेचा मैलन् मैल ज्यांनी नीट मोजला, त्यांत गुलामाचा नातू अग्रभागी होता, ही गोष्ट मी लेकीला सांगितली तेव्हा ती काही वेळ बोललीच नाही.

त्या काळात मॅरेथॉन म्हणजे ब्राँक्सच्या रस्त्यांवर मोटारींच्या शेजारून पळणे. १९६६नंतर पार्कचा रस्ता सुट्टीच्या दिवशी मोकळा मिळू लागला, आणि १३ सप्टेंबर १९७०ला पहिली न्यूयॉर्क सिटी मॅरेथॉन इथे झाली. पार्कला चार फेऱ्या आणि वर थोडे अंतर. प्रवेशशुल्क एक डॉलर. १२७ जणांनी नावे दिली, ५५ जणांनी शर्यत पूर्ण केली. गॅरी मर्की हा अग्निशामक दलातला जवान २ तास ३१ मिनिटांत पहिला आला. त्याच शर्यतीत पंचेचाळिसावा आलेला फ्रेड लीबो हा आयोजकांपैकी एक. रुमानियात जन्मलेला ज्यू, नाझींच्या छळातून वाचून निर्वासित म्हणून हिंडत अमेरिकेत आलेला, कपड्यांच्या धंद्यात असलेला. त्यानेच पुढे ही शर्यत पार्कबाहेर काढून १९७६मध्ये शहराच्या पाचही भागांतून नेली. ९०व्या रस्त्याच्या फाटकाशी त्याचा पुतळा आहे. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत उभा असलेला. मॅरेथॉनच्या आठवड्यात हा पुतळा उचलून अंतिम रेषेजवळ नेऊन ठेवतात.

त्या १२७ जणांत बाई एकच होती, नीना कुसिक, आणि आजारपणामुळे तिला मध्येच थांबावे लागले. बायकांना लांबचे अंतर झेपत नाही, असे तेव्हाच्या क्रीडासंस्था अधिकृतपणे मानत. १९७२मध्ये नियम जरा सैल झाला. बायकांनी भाग घ्यावा, पण पुरुषांच्या दहा मिनिटे आधी निघावे, म्हणजे ती वेगळी शर्यत ठरेल. १ ऑक्टोबर १९७२ला बायकांसाठी बंदूक वाजली आणि रेषेवरच्या सहा जणी जागच्या जागी खाली बसल्या. निषेधाचे फलक हातात धरून त्या दहा मिनिटे बसून राहिल्या. पुरुषांची बंदूक वाजली तेव्हा उठल्या आणि सर्वांबरोबर पळाल्या. त्यांच्या वेळेत ती दहा मिनिटे धरली गेली. नीना कुसिक ३ तास ८ मिनिटांत बायकांमध्ये पहिली आली, आणि ही वेळ बसलेली दहा मिनिटे धरून.

त्या बसलेल्या बायकांचे छायाचित्र मी बराच वेळ पाहत होते. सत्याग्रहाचे आपल्याला अप्रूप नाही. पण पळण्याच्या हक्कासाठी बसणे हे मी प्रथमच पाहिले. त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते, आणि शाळेच्या मैदानावर मुलींसाठी लंगडी आणि दोरीच्या उड्या होत्या.

१०२व्या रस्त्याचा आडवा फाटा

इथपर्यंतची गोष्ट चढत्या क्रमाने जाते. तिथेच थांबता आले असते तर बरे वाटले असते. पण लेकीबरोबर राहणाऱ्या आईला दुसरेही काही वाचावे लागते.

ज्यांना हार्लेम हिलचा चढ टाळायचा असतो ते १०२व्या रस्त्याच्या आडव्या फाट्याने पश्चिमेला वळतात. १९ एप्रिल १९८९च्या रात्री या फाट्यावर पळणाऱ्या अठ्ठावीस वर्षांच्या एका तरुणीवर हल्ला झाला. बलात्कार करून, डोके फोडून तिला झाडीत टाकले होते. ती वाचेल असे डॉक्टरांना वाटत नव्हते. पोलिसांनी त्या रात्री पार्कात असलेली हार्लेमची पाच मुले पकडली. वय १४ ते १६, चार कृष्णवर्णीय आणि एक लॅटिनो. तासन् तास चौकशी करून त्यांच्याकडून जबाब घेतले. जबाब एकमेकांशी जुळत नव्हते, डीएनए कुणाशीच जुळला नाही. तरी शहराचा निकाल आधीच लागला होता. एका धनाढ्याने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन फाशीची शिक्षा परत आणण्याची मागणी केली. पाचही जण दोषी ठरले. चौघांनी सहा-सात वर्षे तुरुंगात काढली, पाचव्याने सुमारे तेरा. २००२मध्ये दुसऱ्याच गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगणाऱ्या कैद्याने आपण एकट्याने हे केल्याचे कबूल केले, आणि डीएनए त्याचा निघाला. पाचही शिक्षा रद्द झाल्या. २०१४मध्ये शहराने त्यांना सुमारे ४ कोटी १० लाख डॉलर भरपाई दिली.

ती तरुणी वाचली. नव्याने चालायला शिकली, आणि १९९५मध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन पळाली.

या प्रकरणाने दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या. बाईला रात्री एकटीने पळता आले पाहिजे, ही एक. काळ्या मुलाला संध्याकाळी पार्कात नुसते असता आले पाहिजे, ही दुसरी. त्या वर्षी शहराने जणू ठरवले की पहिलीसाठी दुसरीचा बळी द्यावा लागेल. झाले असे की दोन्ही गमावल्या. निर्दोष मुले आत गेली आणि खरा गुन्हेगार मोकळा राहून आणखी बायकांवर हल्ले करत राहिला.

पार्कच्या फाटकांना नावे द्यायचे १८६२मध्ये ठरले होते. राजे-सेनापतींऐवजी माणसांच्या व्यवसायांची आणि गटांची: कारागीर, विद्वान, व्यापारी, परके, बायका. सेनेका व्हिलेज होते तिथल्या ८५व्या रस्त्याच्या फाटकाचे नाव खलाशांचे आहे. डिसेंबर २०२२मध्ये उत्तरेला, ११०व्या रस्त्यावर, एका फाटकाला नवे नाव मिळाले. 'गेट ऑफ द एक्झॉनरेटेड', निर्दोष ठरलेल्यांचे फाटक. दगडावर कोरलेली ही अक्षरे मी बोटाने चाचपून पाहिली. १८६२च्या यादीत कुणाला सुचले नसते असे हे नाव, आणि तिथून ८५व्या रस्त्यापर्यंतचे अंतर जेमतेम सव्वा मैल.

परतण्याच्या आदल्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण फेरी न थांबता चालले. अडीच तास लागले. लेकीने तेवढ्या वेळात दोन फेऱ्या केल्या आणि दुसऱ्या फेरीत ८५व्या रस्त्याशी मला गाठले. सहा वर्षे ती या फलकाशेजारून पळत आली होती, वाचला नव्हता. त्या दिवशी तिने घड्याळ बंद केले आणि आम्ही दोघींनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. अँड्र्यू विल्यम्स, तीन भूखंड, १२५ डॉलर. तिने विचारले, "ती माणसं गेली कुठे?"

मी म्हटले, बहुतेकांचे माहीत नाही.

मग तिने सांगितले की अंधार असताना उत्तरेच्या भागात ती आजही एकटी जात नाही, दोघी-तिघी मिळून जातात. हे मला चार महिन्यांत तिने सांगितले नव्हते, मी काळजी करीन म्हणून. मी म्हटले, बरे करता. उजाडले होते. ती पुन्हा पळायला लागली, आणि मी तिच्या मागून, जमेल तेवढ्या भरभर चालत निघाले.